ठरलेल्या बोटी

दिल्लीच्या आयोगाचा निकाल आला तेव्हा आम्हा चार बर्फ कारखानदारांपैकी तिघांना दंड झाला आणि मला जवळजवळ काहीच नाही. वकिलांनी पेढे मागितले. मी दिलेही. मग पनवेलला घरी आले, दार लावलं आणि रडले, आणि ते काही सुटकेचं रडणं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मला खरोखर शिक्षा व्हायला हवी होती, ती त्या एवढ्या जाड निकालात कुठेच नव्हती. असणार कशी? मी ती कुणाला सांगितलीच नव्हती.

आमचा कारखाना उरणजवळच्या करंजा बंदराच्या रस्त्याला. यजमानांनी उभा केला आणि एक दिवस छातीत कळ येऊन ते गेले. मी तोवर पनवेलमध्ये शिकवण्या घेणारी बाई. बर्फ गोठवणारा अमोनिया म्हणजे काय हे मला नववीच्या पुस्तकापुरतं ठाऊक होतं. तेराव्याला करंजाचे बाकीचे तिघे कारखानदार आले. त्यांतल्या सगळ्यात मोठ्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही म्हणू लागले. ते सतरंजीवर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वैनी, कारखाना इकू नका. आमी हाय ना."

ते खरंच होते. पहिल्याच वर्षी माझा कॉम्प्रेसर बसला तेव्हा दादांनी आपला मिस्त्री पाठवला आणि तीन दिवस माझ्या गिऱ्हाइकांना स्वतःच्या बर्फाच्या लाद्या पुरवल्या. बदल्यात काही मागितलं नाही. हे मी मुद्दाम आधी सांगते आहे, कारण पुढचं वाचून कुणी त्यांना दुष्ट ठरवेल आणि मला बिचारी. दोन्ही खोटं आहे.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही चौघं पळस्पे फाट्यावरच्या एका हॉटेलात भेटायचो. मिसळ यायची, दादा माझ्यासाठी तर्री वेगळी ठेवायला सांगायचे. त्या महिन्यात लादीचा दर काय लावायचा, हे चहा निवायच्या आत ठरायचं. दराहूनही महत्त्वाची होती बोटींची वाटणी. बंदरातली प्रत्येक बोट कुणाच्या तरी वाट्याला होती. अमुक बोट दादांची, तमुक माझी. बोटीच्या मालकाला हे कुणी विचारलेलं नव्हतं. यजमान असतानापासूनची रीत होती आणि मला ती फार सुसंस्कृत वाटायची. एकमेकांची गिऱ्हाइकं ओढायची नाहीत, भांडायचं नाही. भाजी मंडईत बायका हात धरधरून गिऱ्हाईक ओढतात, त्यापेक्षा आम्ही किती बरे, असं मी मनात म्हणत असे.

दुसऱ्याच्या वाट्याची बोट दारात आलीच, तर काय बोलायचं तेही ठरलेलं होतं. देत नाही, असं कधी म्हणायचं नाही. त्यानं वाद होतो. "बर्फ संपला" म्हणायचं. मागे खोली शिगोशीग भरलेली असली तरी संपला. तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य खलाशी, निमूट मान हलवून आपल्या ठरलेल्या कारखान्याकडे परत जायचा. कुणाचा अपमान नाही, कुणाशी वाकडं नाही. मी हे दोन शब्द इतक्या वेळा बोलले की त्यात खोटं काही आहे, हे माझ्या जिभेला कळेनासं झालं.

तो दिवस हंगाम सुरू व्हायच्या आदल्या दिवसाचा. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठणार, सगळ्या बोटी एकदम निघणार, प्रत्येकीला टनांनी बर्फ हवा. सकाळी नऊच्या सुमाराला एक तांडेल टेम्पो घेऊन माझ्या फाटकात आला. त्याला मी ओळखत होते. बोट त्याच्या मोठ्या बहिणीची; तिला तो बाय म्हणायचा. ती नवऱ्यामागे बोट चालवत होती, आणि हा तिच्या बोटीवर तांडेल. विधवेनं धंदा चालवायचा म्हणजे काय, हे करंजात मला जिच्याशी न बोलता कळायचं ती ही एकच बाई. जेट्टीवर दिसली की आम्ही दोघी एकमेकींकडे बघून नुसतं हसायचो.

त्यांची बोट दादांच्या वाट्याची. पण दादांकडे त्या आठवड्यात वीज सारखी जात होती आणि बर्फ कच्चा निघत होता. कच्चा म्हणजे बाहेरून लादी घट्ट पांढरी, आणि फोडली की आत पाणी. तो बर्फ बोटीच्या खणात जेमतेम चार दिवस टिकतो, आणि ट्रिप असते आठ-दहा दिवसांची.

"बाई, दादांचा बर्फ पोकल हाय," तो म्हणाला. "तुमी द्या. रोख देतो. बंदी उठली का पयल्या भरतीला जायलाच लागल."

माझी खोली भरलेली होती. मी दादांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. आता विचार करते तेव्हा मला स्वतःचाच राग येतो, कारण त्या क्षणी माझ्यावर कुणाचाही दबाव नव्हता. कुणी बंदूक लावली नव्हती. मी चार टन बर्फ दिला असता आणि दादांना संध्याकाळी सांगितलं असतं, तर ते फार तर पंधरा दिवस फुरंगटून बसले असते. पण मला ते फुरंगटणं नको होतं. मला पळस्प्याची मिसळ हवी होती, वैनी म्हणणारी तीन माणसं हवी होती. मी म्हणाले, "बर्फ संपला रे."

त्यानं एकदा मागच्या खोलीकडे पाहिलं. दारावरून थंड वाफ येत होती. मग मान हलवली आणि गेला. उरलेल्या दोघांकडेही गेला असणार, आणि तिथंही त्याला तेच दोन शब्द मिळाले असणार. तासाभरानं माझ्या वाट्याची एक बोट आली आणि मी तिला हवा तेवढा बर्फ मोजून दिला. उघड, फाटकाबाहेर, सगळ्यांच्या देखत.

दादांचाच बर्फ भरून तो गेला. नवव्या दिवशी बोट आली तेव्हा मी जेट्टीवर नव्हते, पण लिलावाला काय झालं हे दुपारपर्यंत सगळ्या बंदराला कळलं होतं. वरचा माल विकला गेला. खालच्या खणातली सुरमई आणि घोळ नरम पडली होती, व्यापाऱ्यांनी वास घेऊन हात झटकले. हंगामातली पहिली ट्रिप, आणि तो माल कुटीला गेला, म्हणजे खतासाठी नि कोंबड्यांच्या खाद्यासाठी. खलाशांचा वाटा मालावर असतो. वाटाच नाही म्हटल्यावर ते दुसऱ्या बोटींवर गेले. ऐन हंगामात नवे खलाशी मिळाले नाहीत, बोट किनाऱ्याला बसली, आणि दिवाळीच्या आत तिनं ती विकली.

एवढंच झालं असतं तरी मला पुष्कळ होतं. पण त्याहून वाईट झालं ते त्या दोघा भावंडांत.

तिनं भावाला विचारलं, कच्चा बर्फ घेऊन गेलास कसा? तो म्हणाला, कुणाकडेच नव्हता, मी सगळे कारखाने फिरलो. तेव्हा कुणीतरी तिला सांगितलं की त्याच दिवशी बर्फवाल्या बाईंकडे दुसऱ्या बोटीनं टनांनी बर्फ भरला, आम्ही डोळ्यांनी पाहिला. तिला वाटलं, हा कुठे गेलाच नाही. कुठेतरी बसला, पिऊन आला, आणि जे हाताला लागलं ते भरून निघाला. तो पीत असे थोडी, हे खरं. भर जेट्टीवर तिनं त्याला खोटारडा म्हटलं. तो अलिबागच्या बाजूला दुसऱ्याच्या बोटीवर गेला. त्यानंतर भाऊबीजेलाही आला नाही.

आणि मधे तिनं मला फोन केला होता. ते मला लिहायलाही जड जातं आहे. तिनं सरळ विचारलं, "माजा भाव आलता का तुमच्याकडं त्या दिवशी?" मी म्हणाले, त्या दिवशी फार गर्दी होती, मुकादमाला विचारते आणि कळवते. मुकादमाला काय विचारायचं होतं? तो टेम्पो माझ्यासमोर उभा होता. मी कधीच कळवलं नाही. तिनंही परत विचारलं नाही. त्यानंतर जेट्टीवर ती दिसली की मी मोबाइलमध्ये डोकं घालायची.

पुढच्या वर्षी मच्छीमारांच्या एका संस्थेनं दिल्लीला अर्ज केला, की करंजाला चारही कारखान्यांचा दर एकाच दिवशी एकसारखा वाढतो आणि बोटीला हवा तिथून बर्फ घेता येत नाही. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. एक दिवस माझ्याकडे आयोगाचं पत्र आलं. बाजारात स्पर्धा नीट चालते का हे पाहणारा आयोग असतो, हे मी पेपरात वाचलं होतं, पण तो मोठमोठ्या कंपन्यांसाठी, अशी माझी समजूत. आमच्या लादीकडे दिल्ली कशाला बघेल? पत्रात प्रश्न होते. दर कसे ठरवता? गिऱ्हाइकं कशी मिळवता? मला वाटलं, जनगणनेसारखं काहीतरी असेल, सगळ्याच कारखान्यांची माहिती गोळा करत असतील.

मी शिकवण्या घेणारी बाई. प्रश्नपत्रिका समोर आली की मला उत्तरं लिहिल्याशिवाय राहवत नाही. एका बैठकीत, लेटरहेडवर, मुद्देसूद उत्तरं लिहिली. आम्ही चौघं दर महिन्याला भेटून दर ठरवतो. बोटी वाटून घेतल्या आहेत, सोबत यादी जोडली आहे. आणि शेवटी, अगदी छाती फुगवून, असं लिहिलं की आमच्यामध्ये कसलीही स्पर्धा नाही, याचा आम्हाला अभिमान वाटतो. स्पर्धा टिकवायला नेमलेल्या आयोगाला हे मी रजिस्टर पोस्टानं पाठवलं. कुणाला दाखवलं नाही, कारण दाखवण्यासारखं त्यात काय होतं?

महिन्याभरानं दादांनाही पत्र आलं, पण ते आधी वकिलाकडे गेले. ते ऐकून मीही माझे वेगळे वकील गाठले आणि पाठवलेल्या उत्तराची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली, हसू आलं ते दाबलं, आणि म्हणाले की मॅडम, हे तुम्ही स्वतः लिहिलंत? मग त्यांनी समजावलं. जे चौघं धंद्यात एकमेकांच्या पुढे जायला धडपडायला हवेत, ते आतून एक झाले की समोरच्याला निवड उरत नाही. त्यालाच कायद्यात गुन्हा धरलाय. पण त्याच कायद्यात एक सोय आहे. अशा साट्यालोट्यातला जो पहिला पुढे येऊन सगळं खरं सांगेल, त्याचा दंड कमी होतो, कधी पूर्ण जातो. पहिला मात्र. दुसऱ्याला तेवढं नाही. तुम्ही निम्मं सांगून बसलाच आहात, आजच्या आज अर्ज करा.

मी केला. दादांना आधी सांगितलं नाही. ही माझी दुसरी शरम. ज्या माणसानं तेराव्याला कारखाना विकू नका म्हटलं, त्याच्याविरुद्ध मी कागद दिले, आणि ते बंदराच्या भल्यासाठी नाही, माझा दंड वाचावा म्हणून. त्यांना कळलं तेव्हा ते घरी आले. बसले नाहीत. "वैनी, आदी इचारायचं तरी," एवढंच म्हणाले. मी काहीतरी वकिलांचं नाव पुढे केलं. त्या वर्षी त्यांच्या गणपतीचं बोलावणं आलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

जबाबासाठी दिल्लीला बोलावलं. समोरची अधिकारी बाई माझ्या मुलीच्या वयाची. तिनं चहा मागवला, आणि न चिडता, न घाई करता दोन तास प्रश्न विचारले. मी सगळं सांगितलं. पळस्पे, सोमवार, यादी, संपला म्हणायची रीत. तेव्हा तिनं विचारलं, बर्फ शिल्लक असताना एखाद्या बोटीला तुम्ही स्वतः नाकारला, असं एखादं उदाहरण सांगता येईल? कुणाचं नुकसान झालं?

माझ्या डोळ्यांसमोर तो टेम्पो उभा राहिला. मी म्हणाले, नेमकं आठवत नाही.

का म्हणाले? सगळं कबूल केल्यावर हे एकच का गिळलं? कारण बाकी सगळ्यात "आम्ही" होतो. आम्ही ठरवलं, आम्ही वाटलं. या एका गोष्टीत फक्त मी होते. कायदा मला ठाऊक नव्हता हे खरं आहे, त्याबद्दल मी कुणापुढेही शपथ घेईन. पण खोली भरलेली असताना एका बाईच्या बोटीला रिकामं पाठवणं चूक आहे, हे कळायला कायदा लागत नाही. ते मला त्याच सकाळी कळलं होतं.

निकाल आला. पेढे झाले. मी तो निकाल चार वेळा वाचला. त्यात एके ठिकाणी लिहिलं होतं की मी संपूर्ण आणि खरी माहिती देऊन सहकार्य केलं. त्या ओळीवर आले की मला पुढे वाचवत नसे.

बंदर बदललं. आता प्रत्येक कारखान्याबाहेर फळ्यावर दर लिहिलेला असतो आणि तो सारखा नसतो. तांडेल लादी फोडून बघतात, पोकळ निघाली तर टेम्पो वळवतात. मला पहाटे उठून बर्फ पक्का झाला का बघावं लागतं. एक तांडेल मला म्हणाला, बाई, तुमच्यामुळं झाला हा. बंदरात माझं नाव मोठं झालं होतं. कौतुक ऐकताना माझा चेहरा कसा होत असेल, कुणास ठाऊक. तिकडे दादा आपल्या ओट्यावर बसलेले असायचे. मी गाडी तिथून न थांबवता पुढे न्यायची.

ती आता पनवेलला, उरण नाक्याच्या मासळी बाजारात बसते. दुसऱ्यांची मासळी घेऊन विकते. मी तिथून मासे घेणंच सोडलं होतं, खारघरला एका एसी दुकानात जाऊन थर्माकोलच्या ताटलीतले बांगडे आणायची. निकालानंतर दोन महिन्यांनी, एका रविवारी, मी तिच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. का त्याच दिवशी, हे सांगता येणार नाही. रात्रभर काही ठरवलं वगैरे नव्हतं. आदल्या दिवशी बंदरातल्या सत्काराचं आमंत्रण आलं होतं, नारळ आणि शाल, एवढंच.

ती गिऱ्हाइकाची सुरमई कापत होती. वर न बघता म्हणाली, "बस."

मी मागच्या पाटावर बसले. गिऱ्हाईक गेलं.

"निकाल वाचला असशील," मी म्हणाले.

"सगल्या बंदरानं वाचला. माज्या बोटीचं त्यात काय नाय."

"नाही. मी सांगितलंच नाही." मला वाटलं होतं माझा आवाज फुटेल, पण तो अगदी साधा निघाला. "तुझा भाऊ आला होता त्या दिवशी. नऊ वाजता, टेम्पो घेऊन. रोख देतो म्हणाला. माझी खोली भरलेली होती. मी संपला म्हणाले."

तिनं कोयता पाटीवर ठेवला. शेजारची बाई आमच्याकडे बघत होती.

"मी फोन केलता तुला," ती म्हणाली.

"हो."

"त्याला मी जेट्टीवर काय काय बोल्ली."

मी मान खाली घातली. माफ कर म्हणाले. बोटीचं जमेल तसं भरून देते असंही म्हणाले, आणि जबाब बदलून देईन, दिल्लीला लिहीन, दंड झाला तरी चालेल, असं एकामागून एक बोलत सुटले. तिनं ऐकून घेतलं नाही. बादलीतल्या पाण्यात हात धुतले, पदराला पुसले आणि कनवटीचा मोबाइल काढला. नंबर शोधायला तिला वेळ लागला. इतक्या वर्षांत तो लावलाच नव्हता.

"दिल्लीला मंग सांग," ती म्हणाली. "पयला त्याला सांग."

तिनं कॉल लावला आणि फोन माझ्या हातात दिला. रिंग होत होती. तो उचलणार नाही अशी मला फार आशा होती. मग पलीकडे इंजिनाची घरघर ऐकू आली, माणसं ओरडत होती, आणि त्या सगळ्यातून एक आवाज आला, सावध, घाबरलेला, लहान मुलाचा असावा तसा.

"बाय?" तो म्हणाला. "बाय, तू हाय का?"

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "बाय नाही रे. मी बर्फवाली बोलते आहे. ती इथेच आहे, ऐकते आहे."